गरम झाली की बंद, थंड झाली की चालू: जुन्या चेतकचं दुखणं कसं शोधायचं

सकाळी एका किकमध्ये चालू होते. आठ-दहा किलोमीटर काही तक्रार नसते. मग भर रस्त्यात बंद पडते आणि कितीही किका मारा, दाद देत नाही. पंधरा-वीस मिनिटं लिंबाखाली उभी केली की पुन्हा पहिल्या किकमध्ये चालू. जुनी टू-स्ट्रोक स्कूटर नव्याने घेतलेल्या माणसाची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच.

ही तक्रार महिनोन् महिने सुटत नाही याचं कारण साधं आहे. गाडी गॅरेजपर्यंत ढकलत नेईपर्यंत ती थंड झालेली असते. मेकॅनिक किक मारतो, ती चालू होते, तो प्लग बदलून पैसे घेतो. दोष गरम इंजिनात असतो आणि तपासणी थंड इंजिनाची होते. म्हणून खालच्या बहुतेक तपासण्या गाडी बंद पडल्या जागी, पहिल्या दोन-तीन मिनिटांत करायच्या आहेत. इंजिन निवलं की पुरावाही गेला.

इथले आकडे बजाजच्या टू-स्ट्रोक दीडशे सीसी इंजिनाचे आहेत: बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५७ मि.मी., स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) ५७ मि.मी., एकूण १४५.४५ सीसी. सुपर आणि प्रिया या त्याच घराण्यातल्या. एलएमएल वेस्पालाही तपासणीचा क्रम हाच, सुटे भाग मात्र नेहमी जुळत नाहीत. फोर-स्ट्रोक किंवा आताच्या इलेक्ट्रिक चेतकला यातलं काही लागू नाही.

आधी लक्षणं: बंद पडली कशी?

"बंद पडली" एवढ्यावर काही कळत नाही. कशी पडली, ते आठवा.

हळूहळू दम सोडत, गचके खात, रेस दिली तरी न उचलता बंद पडली, आणि चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी दांडी) ओढल्यावर शंभर-दोनशे मीटर पुन्हा धावली: पेट्रोल पोचत नाही.

चावी फिरवल्यासारखी एका क्षणात बंद, आधी काहीच सूचना नाही: स्पार्क गेला.

आधी मिसफायर, सायलेन्सरमधून फटफट आवाज, मग बंद: हाही स्पार्कच, पण मरायला टेकलेला. पॉइंटच्या गाडीत (जिथे उघडझाप करणारे धातूचे संपर्क स्पार्क पाडतात) त्या संपर्कांना जोडलेला कंडेन्सर, इलेक्ट्रॉनिक गाडीत स्पार्कची वेळ कळवणारी पिकअप कॉइल किंवा स्पार्क सोडणारी इलेक्ट्रॉनिक डबी, म्हणजे सीडीआय.

बंद पडत नाही, पण गरम झाल्यावर चौथा गिअर ओढत नाही, आवाज दबका येतो, घाटात दुसऱ्यावरच चढते: सायलेन्सर कार्बनने बुजला असेल, नाहीतर टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) मागे पडलं असेल.

वेगात असताना आवाज कर्कश झाला, कोणीतरी मागून धरल्यासारखा वेग घटला आणि चाक ओढलं गेलं: इंजिन पकडलं, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकला. हे शेवटचं लक्षण बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे. त्या क्षणी लगेच क्लच दाबा आणि गाडी कडेला येऊ द्या. बाकी काही तपासू नका, थेट शेवटाकडच्या 'इथे थांबा' या भागातला पकडलेल्या इंजिनाचा मजकूर वाचा.

सोबत काय ठेवायचं

प्लग पाना, त्याच नंबरचा एक नवा प्लग, चपटा स्क्रू-ड्रायव्हर, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), जाड फडकं, जुना टूथब्रश आणि अर्ध्या लिटरची रिकामी पारदर्शक बाटली. यात सत्तर टक्के काम भागतं. मल्टिमीटर असेल तर उत्तम, पण तो घरी वापरायचा.

बंद पडल्या जागची तपासणी

पहिलं काम फुकटचं आहे: टाकीचं झाकण उघडा. उघडताना 'फुस्स' असा आवाज आला आणि झाकण सैल ठेवून गाडी चालू झाली तर निदान झालं. पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून टाकीत यावी लागते. त्यासाठी झाकणात बारीक भोक असतं. ते धूळ आणि ऑइलच्या चिकट थराने बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. वीस मिनिटं थांबल्यावर हवा कशीबशी आत झिरपते, म्हणून गाडी "थंड झाल्यावर" चालू होते. उष्णतेशी त्याचा काही संबंध नसतो. पिनेने भोक मोकळं करा. झाकणाचं रबर बाजारातून नवं बसवलं असेल तर त्याने भोक झाकलं आहे का, तेही बघा. हा दोष मागचा मालकच घालून देतो.

त्याच वेळी कॉकची, म्हणजे पेट्रोलच्या तोटीची, दांडी कुठे आहे ते पाहा. सीटखालची ही दांडी अर्धवट फिरलेली असते, पेट्रोल रिझर्ववर आलेलं असतं. नव्या मालकाला हे सांगायला कोणी उरलेलं नसतं, कारण हल्लीच्या बहुतेक स्कूटरना हा कॉक नसतोच.

आता प्लग. उजवीकडचं कव्हर काढा, फडक्याने धरून प्लग काढा. तो चांगलाच तापलेला असतो. टोक ओलं आहे की कोरडं, हे आधी बघायचं. वीस किका मारूनही कोरडं ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचलेलं नाही. ओलं असेल तर पेट्रोल आहे, पण जळलेलं नाही, म्हणजे संशय स्पार्कवर. फक्त आधी चोक ओढून किका मारल्या असतील तर ओल्या प्लगवर विश्वास ठेवू नका.

मग स्पार्क बघा. प्लग कॅपमध्ये बसवा, त्याचं धातूचं अंग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा आणि किक मारा. तीन गोष्टी पाळायच्या. प्लगच्या भोकापासून लांब टेकवा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडते आणि भडका उडू शकतो. प्लग हातात अधांतरी धरून किक मारू नका. झटका बसतोच, पण इलेक्ट्रॉनिक गाडीत अर्थ (अर्थिंग) न मिळालेल्या स्पार्कने सीडीआय जळू शकतं. आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात चांगला स्पार्कही डोळ्यांना दिसत नाही. पिशवीची किंवा स्वतःच्या अंगाची सावली धरा, नाहीतर स्पार्क असताना "स्पार्क नाही" असा निष्कर्ष निघतो आणि पुढचे सगळे पैसे चुकीच्या जागी जातात.

निळसर, चटचट आवाज करणारा स्पार्क चांगला. पिवळा, बारीक, कधी पडणारा कधी न पडणारा म्हणजे दोष इथेच.

दोष नसलेला दोष: गरम इंजिनावर चोक

स्पार्क चांगला, प्लग ओला, झाकण ठीक. मग बहुधा गाडीत दोष नाही, चालवणाऱ्याच्या सवयीत आहे. परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ वर असताना दहा किलोमीटर चालून पानटपरीवर थांबलात की पंख्याची हवा बंद होते आणि सिलिंडरची उष्णता वर कार्बोरेटरकडे चढते. कप्प्यातलं पेट्रोल उकळायला लागतं आणि इंजिनात उतरतं. त्यावर चोक ओढून किक मारली की इंजिन पेट्रोलने भरून जातं.

यावर उपाय: कॉक बंद, चोक आत, रेस पूर्ण उघडी, आठ-दहा किका. इंजिन भडभडून उठलं की रेस सोडा आणि कॉक चालू करा. तेवढ्याने नाही उठली तर प्लग काढून पुसा, भोक उघडं ठेवून चार-पाच किका मारा, वाफ जाऊ द्या, मग पुन्हा बसवा. भोक उघडं असताना प्लगची कॅप अधांतरी सोडू नका, प्लगसकट भोकापासून लांब, इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा. आजूबाजूला कोणी विडी-सिगारेट ओढत नाही ना, हेही बघा.

गरम इंजिनाला चोक लागत नाही. थांबताना आधी कॉक बंद करायची सवय लावली तर ही अर्धी तक्रार संपते.

पेट्रोल उतरतंय का?

कार्बोरेटरकडची पाइप सोडून बाटलीत धरा आणि कॉक चालू करा. ताशी ५० ने चालणारी आणि लिटरला ४० देणारी गाडी तासाला सव्वा लिटर पेट्रोल पिते, म्हणजे मिनिटाला जेमतेम २०-२१ मि.लि. बाटलीत मिनिटाला १०० मि.लि. आलं तरी गरजेच्या पाचपट झालं. म्हणून धार किती मोठी आहे यापेक्षा ती टिकते का, ते बघा. दोन-तीन मिनिटं वाहू द्या. सुरुवातीला जोरात आणि नंतर थेंब-थेंब होत असेल तर कॉकच्या जाळीवर टाकीतला गंज येऊन बसतोय. गाडी उभी राहिली की गंज खाली बसतो, जाळी मोकळी होते आणि गाडी चालू होते. लक्षण पुन्हा तेच, "थंड झाल्यावर चालू".

नव्या मालकाने हौसेने लावलेला इनलाइन फिल्टर हे दुसरं कारण. या गाडीत पेट्रोल पंपाने नाही, उतारावरून आपोआप येतं आणि टाकी ते कार्बोरेटर ही उंची थोडीच आहे. मोटरसायकलचा मोठा फिल्टर लावला की तेवढा अडथळाही नडतो. काढून टाका. कार्बोरेटरच्या तोंडाशी कंपनीची बारीक जाळी असतेच, तीच साफ ठेवा. पाइप वेटोळं घालून वर चढलेली नको, टाकी परत बसवताना ती खाली चिमटत नाही ना, तेही बघा.

पाइप कोणती आहे, याला आता जास्त महत्त्व आलं आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुनं रबर फुगवतं किंवा ठिसूळ करतं. पारदर्शक प्लास्टिकची नळी वर्षभरात लाकडासारखी कडक होते आणि जोडापाशी हवा घेते. इथेनॉल चालेल अशी रबरी फ्युएल पाइपच घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नका. पावसाळ्यात तळाशी पाणी जमतं आणि पुढचा सगळा गंज तिथूनच सुरू होतो.

ऑइलचं प्रमाण

एक लिटर पेट्रोलला २० मि.लि. टू-टी ऑइल. पाच लिटरला १०० मि.लि. अंदाजे "एक झाकण" ओतू नका, झाकणं सारखी नसतात. मेडिकलमधून मोजमापाचा प्लास्टिकचा ग्लास आणा.

"जास्त ऑइल म्हणजे इंजिन सुरक्षित" हा गैरसमज खेड्यापासून शहरापर्यंत सारखाच पसरलेला आहे. जेटमधून (कार्बोरेटरमधल्या मोजक्या भोकाच्या पितळी तुकड्यातून) जाणारं मिश्रण ठरलेलं असतं. त्यात ऑइल वाढलं की पेट्रोल तेवढं घटतं आणि जळण कोरडं होऊन इंजिन उलट जास्त तापतं. शिवाय प्लगवर, एक्झॉस्टच्या तोंडाशी आणि सायलेन्सरमध्ये कार्बन चढतो. कमी ऑइल तर सरळ पिस्टन पकडवतं. डब्यावर जासो (जपानी ऑइल-दर्जा) एफसी किंवा एफडी लिहिलेलं टू-टी घ्या. मोटरसायकलचं फोर-टी ऑइल यात घालायचं नाही, ते जळण्यासाठी बनवलेलंच नसतं.

मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये करून, हलवून मग टाकीत ओता. टाकीत आधी ऑइल ओतून वर पेट्रोल भरलं की ते तळाशी कॉकपाशी साचतं. गाडी चार दिवस उभी असेल तर चालू करण्याआधी कॉक बंद ठेवून डावी-उजवी हलवा.

प्लग, कॅप, वायर

शंभर-दीडशे रुपयांच्या नव्या प्लगने सुरुवात करायला हरकत नाही, फक्त बदलला म्हणजे निदान झालं असं समजू नका. फट ०.६ मि.मी. फिलर गेजने मोजा, दुकानातून आलेला प्लग नेमका तेवढाच असतो असं नाही. आटे आखूडच हवेत, साधारण अर्धा इंच. लांब आट्यांचा प्लग बसतो खरा, पण आत पिस्टनवर आदळतो.

प्लगचा रंग वाचता आला तर निम्मं इंजिन न उघडता कळतं. तपकिरी म्हणजे ठीक. काळा आणि तेलकट म्हणजे ऑइल जास्त, चोक अर्धवट ओढलेला किंवा प्लग गरजेपेक्षा थंड नंबरचा, म्हणजे उष्णता लवकर सोडून देणारा. पांढराफटक किंवा टोकावर बारीक मण्यांसारखे ठिपके म्हणजे इंजिन कोरडं जळतंय, कुठून तरी हवा शिरतेय. पांढरा प्लग दिसला तर त्या दिवशी गाडी लांबवर नेऊ नका.

कॅप वायरमध्ये स्क्रूसारखी फिरून बसते. फिरवून काढा, वायरचं टोक पाच मि.मी. कापा, पुन्हा घट्ट फिरवून बसवा. आतलं टोक काळं-हिरवं पडलेलं सापडतं आणि गरम झाल्यावर तिथला संपर्क सुटतो. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून बघा. वायरवरून किंवा कॅपवरून ठिणग्या पळताना दिसल्या तर दोन्ही बदला.

यानंतरची तपासणी फुकट आहे, पण फार थोडे लोक करतात. इंजिन बंद करण्यासाठी चावीकडून किंवा स्विचकडून येणारी एक वायर इग्निशनला अर्थ देते. जुन्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडीत) तिची कातडी गळालेली असते आणि उन्हात मऊ पडून ती चेसीला टेकते. ही वायर सीडीआय किंवा कॉइलकडून सुटी करून, टोकाला टेप लावून, नेहमीच्या रस्त्याने चालवा. दोष गेला तर चोर सापडला. लक्षात ठेवा, अशा वेळी चावीने गाडी बंद होणार नाही. उभी असताना ब्रेक दाबून, चौथ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडून बंद करायची.

नव्याने रंगवलेल्या गाड्यांचा वेगळा रोग आहे. चेसी पावडर कोटिंग करून आणली, सीडीआय आणि कॉइल त्या चकचकीत रंगावरच कसली, अर्थ मिळतच नाही. कधी मिळतो, कधी नाही. बोल्टखालचा रंग रुपयाच्या नाण्याएवढा खरवडून काढा.

इंजिनाला वारा मिळतोय का?

या इंजिनाला पुढून वारा लागत नाही. मॅग्नेटवरचा (इंजिनासोबत फिरणाऱ्या चुंबकी चाकावरचा) पंखा हवा ढकलतो आणि सिलिंडरवरचं आवरण ती हवा पंखांमधून फिरवतं. "इंजिन उघडं ठेवलं की थंड राहतं" म्हणून ते आवरण काढून टाकलेल्या गाड्या बाजारात विकायला येतात. अशी गाडी घेतली असेल तर सगळ्यात आधी आवरण बसवा, बाकीचं नंतर.

उभ्या गाडीत कुंभारीण माशी पंख्याच्या जाळीत आणि सायलेन्सरच्या नळीत मातीची घरं करते. उंदीर आवरणात कापूस आणि चिंध्या भरून ठेवतात. कापसाच्या पट्ट्यात, जालना-परभणीकडे, हंगामात रस्त्यावर उडणारा कापूस ऑइलच्या थराला चिकटून सिलिंडरच्या पंखांमध्ये नमद्यासारखा बसतो. वर काळ्या मातीची धूळ. आवरणाचे बोल्ट काढून ब्रश आणि रॉकेलने पंख स्वच्छ करणं हे अर्ध्या दिवसाचं, बिनखर्चाचं काम आहे. थंड इंजिनावरच करा.

कार्बोरेटर

इथून पुढे हात काळे होतात. एअर फिल्टर दोन स्क्रूंवर असतो. पेट्रोलमध्ये धुऊन, पूर्ण वाळवून बसवा. पेट्रोलची पाइप येते तिथली जाळी काढा. तिच्यात तपकिरी भुकटी सापडली तर टाकी गंजली आहे आणि कार्बोरेटर कितीही धुतला तरी महिन्याभरात इथेच परत याल. टाकी आधी.

मेन जेट आणि आयडल जेट स्क्रू-ड्रायव्हरने निघतात. भोकात तार किंवा सुई घालू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं झालं की जेटचा नंबर बदलतो. टायर पंक्चरवाल्याकडची हवा पुरते. झाकणाखालचा फ्लोट हलवून आत पेट्रोल खुळखुळतंय का ऐका. नीडलचं रबरी टोक फुगलं किंवा त्यावर कडं उमटलं असेल तर बदला, नाहीतर गरम झाल्यावर ओव्हरफ्लो होत राहणार.

हवेचा स्क्रू हलकेच पूर्ण आत फिरवून दीड फेरा बाहेर काढा. तिथून थोडा इकडे-तिकडे करून जिथे इंजिन एकसारखं चालतं तिथे सोडा. कार्बोरेटर बसवताना बोल्ट जीव तोडून आवळू नका. त्याचं अंग वाकतं, स्लाइड अडकते आणि रेस वरच राहते.

सायलेन्सर

गाडी गरम झाल्यावर दम सोडते पण स्पार्क, पेट्रोल दोन्ही नीट, तर सायलेन्सर. इंजिन चालू असताना शेपटीपाशी हात धरा, अंतर ठेवून. झटके जाणवायला हवेत. नुसता कोमट, दबलेला श्वास येत असेल तर आत कार्बन आहे. जळलेला वायू नीट बाहेर न गेल्याने सिलिंडर तापतो आणि नवं मिश्रण बिघडतं.

पेट्रोल ओतून सायलेन्सर पेटवायचा प्रकार घरी करू नका. वेल्डिंगवाला गॅसने लाल करून ठोकून कार्बन पाडतो, तेही चालतं, पण पत्रा आधीच कुजलेला असेल तर नवाच घ्या. फक्त मूळ आकाराचा घ्या. मोठा आवाज करणारा पाइप लावून जेट तोच ठेवला तर मिश्रण कोरडं पडतं. सायलेन्सर उतरवलाच आहे तर एक्झॉस्टच्या तोंडातला कार्बन लाकडी पट्टीने खरवडा. त्या वेळी पिस्टन वर आणून तोंड बंद करा, म्हणजे कण आत पडणार नाहीत, आणि पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे दिसतात का तेही बघून घ्या.

पॉइंट, कंडेन्सर, पिकअप

पॉइंटच्या गाडीत मॅग्नेटच्या खिडकीतून पॉइंट दिसतात. फट ०.३ ते ०.५ मि.मी., मधली ०.४ ठेवावी. पॉइंटची फायबरची टाच झिजते तशी फट कमी होते, स्पार्क उशिरा पडतो आणि उशिरा पेटलेलं मिश्रण इंजिन तापवतं. गाडी "हल्ली तापते" असं वाटण्यामागे पुष्कळदा एवढंच असतं. टाचेला लागणाऱ्या फेल्टवर ऑइलचा एक थेंब, जास्त नाही.

पॉइंटमध्ये पिवळ्या ठिणग्या उडताना दिसल्या, त्यांचे तोंड खड्डे पडून काळे झाले असतील, आणि गाडी गरम झाल्यावरच मरते, तर कंडेन्सर. मॅग्नेटच्या आत, इंजिनाला चिकटून तो बसलेला असतो आणि उष्णतेने त्याचं इन्सुलेशन जातं. नवे कंडेन्सरही पहिल्याच उन्हाळ्यात जातात. जाणकार इलेक्ट्रिशियनकडून चांगला कंडेन्सर बाहेर, कॉइलपाशी लावून घेणं हा टिकाऊ तोडगा आहे. आतला जुना तेव्हा तोडून टाकायला सांगा, नाहीतर दोष तसाच राहतो.

इलेक्ट्रॉनिक गाडीत आधी स्टेटरकडून (मॅग्नेटखालच्या कॉइलच्या प्लेटकडून) येणाऱ्या वायरी बघा, कडक होऊन मोडलेल्या असतात. मग मल्टिमीटरने पिकअप कॉइलचा रेझिस्टन्स थंड असताना लिहून ठेवा आणि गाडी बंद पडल्यावर पुन्हा मोजा. गरम झाल्यावर आकडा थोडा वाढणं साहजिक आहे. मीटर सर्किट उघडं दाखवत असेल तर कॉइलची तार आत तुटली आहे, थंडीत टोकं टेकतात, उष्णतेत सुटतात. सीडीआय मीटरने कळत नाही. त्याच मॉडेलच्या चालू गाडीचं घालून चालवणं हीच त्याची परीक्षा. विकत घेऊन पाहू नका, आधी मागून आणा.

इथे थांबा

मॅग्नेट काढायची वेळ आली आणि पुलर (मॅग्नेट ओढून काढायचं हत्यार) नसेल तर थांबा. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून किंवा हातोडीने ठोकून निघतो, पण क्रँक वाकतो किंवा मॅग्नेटला तडा जातो. मग दोनशे रुपयांच्या कॉइलचं काम हजारांत जातं.

किक उलटी मारायला लागली तर थांबा. मॅग्नेटची चावी सरकली असेल आणि टायमिंग हललं असेल.

रेस सोडल्यावरही इंजिन वरच राहतं, प्लग पांढरा आहे आणि कार्बोरेटरचे बोल्ट-गॅस्केट ठीक आहेत, तर मॅग्नेटकडचं ऑइल सील हवा घेतंय. उलट पांढरा धूर भरपूर आणि गिअरबॉक्सचं ऑइल कमी होतंय, तर क्लचकडचं सील गेलंय आणि गिअर ऑइल इंजिनात जळतंय. ही दोन्ही कामं स्वतः शिकत शिकत करायची नाहीत. क्लचकडच्या सीलला बहुतेक वेळा पूर्ण इंजिन उघडावं लागतं. उघडलंच तर क्रँकचे बेअरिंग, दोन्ही सील, गॅस्केट एकदमच बदलून घ्या, मजुरी दोनदा द्यावी लागत नाही.

आणि इंजिन पकडलं असेल तर: क्लच दाबून गाडी थांबवा, पाणी ओतू नका, तापलेला सिलिंडर अचानक गार झाला की तडकतो. अर्धा तास तरी निवू द्या. मग न्यूट्रलमध्ये किक हाताने हळू दाबून बघा. जागची हलत नसेल तर उड्या मारून किक मारू नका. हलली आणि चालूही झाली, तरी घरापर्यंतच, तेही हळू. एकदा पकडलेल्या पिस्टनवर ॲल्युमिनियम सिलिंडरला चोपडलेलं असतं आणि रिंगा खोबणीत अडकलेल्या असतात. पुढच्या वेळी ते भर वेगात, मागचं चाक लॉक करून पकडतं. बोअर करायचा (सिलिंडर आतून कातून मोठा करायचा) की नुसतं घासून भागेल, हे हेड-सिलिंडर उघडून बोअरवाल्याने मायक्रोमीटरने मोजून ठरवायचं. पकडण्याचं कारण (ऑइल, हवा शिरणं, टायमिंग की पंखा) शोधल्याशिवाय नवा पिस्टन टाकू नका. तोही जाईल.

मेकॅनिककडे जाताना

गाडी गरम असतानाच पोचेल अशी वेळ ठरवा. शक्य नसेल तर कागदावर एवढं लिहून न्या: किती किलोमीटरनंतर बंद पडते, अचानक की गचके खात, त्या वेळी प्लग ओला की कोरडा, स्पार्क कसा, झाकण उघडल्यावर फरक पडतो का, किती वेळाने चालू होते, कोणते भाग आधीच बदलले. "तुम्हीच बघा काय ते" असं म्हणून चावी दिली की परत प्लगच बदलला जातो. टू-स्ट्रोकवर हात बसलेला मेकॅनिक शोधा. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे, त्यामुळे छत्रपती संभाजीनगरच्या बाजूला ही इंजिनं आयुष्यभर उघडलेली माणसं अजून भेटतात. पन्नाशी-साठीचे आहेत, दुकानाला पाटीसुद्धा नसते. जुन्या चेतकवाल्या कोणालाही विचारा.

दुरुस्तीनंतरची चाचणी सकाळच्या गारव्यात घेऊ नका. दुपारी, मागे माणूस बसवून, ज्या अंतरावर ती बंद पडायची त्याच्या दुप्पट जा. बीडकडचे असाल तर मांजरसुंब्याचा घाट, संभाजीनगरकडचे असाल तर चौक्याचा घाट यासाठी पुरेसा आहे. वर पोचल्यावर इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा आणि चोक न ओढता किक मारा. चालू झाली तर प्लग काढून रंग बघा. तपकिरी असेल तर काम झालं. पांढरा असेल तर गाडी चालू झाली म्हणून खूश होऊ नका, हळू परत या आणि हवा कुठून शिरतेय ते शोधा.